खाऱ्या अंगणातलं बिननावाचं झाड

भातकुलीहून पूर्णेकडं निघालं की जमीन काळी होत जाते, सपाट होत जाते, आणि मग इतकी सपाट होते की दूरच्या वावरातला माणूस उभा आहे की बसला, हेही रस्त्यावरून दिसावं. त्या सपाटीत नत्थुजींचं गाव. गावात विहिरी आहेत, विहिरींना पाणी आहे, पण ते तोंडात घेतलं की माणूस डोळे मिटतो आणि बाजूला थुंकतो. जमिनीच्या पोटातच मीठ आहे. सरकार या मुलखाला खारपाणपट्टा म्हणतं. गावातली माणसं नुसतं 'खारं' म्हणतात आणि पुढं चालू लागतात. पावसाच्या भरवशावर कपाशी होते, मूग होतो, तूर होते, मागं राहिलेल्या ओलीवर हरभरा होतो. पण बारमाही पाणी मागणारी बाग म्हणाल, तर ती नाही.

अशा गावात झाडं लावायचा नाद घेऊन कोणी जन्माला यावं, ही थट्टाच म्हणायची. नत्थुजी तो नाद घेऊन जन्माला आले.

उंच, थोडे वाकलेले, डोक्याला सदा उपरणं गुंडाळलेलं. बोलणं कमी. वावरात असले म्हणजे कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बैलांशी बोलायचे. बैल विकल्यावर ते बोलणं झाडांकडं वळलं. घरामागच्या अंगणात त्यांनी काय नाही लावलं! अमरावतीहून कलमी पेरू आणला, अकोल्याच्या नर्सरीतून कागदी लिंबू आणला, मेहुण्याच्या घरून सीताफळ आणलं. पाऊस असेपर्यंत सगळी रोपं लेकरांसारखी वाढायची. हिवाळा सरला की पानांच्या कडा जळायच्या, आधी नखाएवढ्या, मग बोटभर, आणि होळीच्या सुमाराला अंगणात नुसत्या काड्या उभ्या. तीन-चार दिवसांआड नळाला गोड पाणी येई, पण ते माणसांच्या घशाला. त्यातलं तांब्याभर पाणी चोरून रोपाला घातलं, तर आशाबाईंना भांड्याच्या आवाजावरून कळायचं.

"अवो, पुन्हा त्या लिंबाले पाजलं काय?"

"नाई."

"मंग माठ काहून बोलून राहिला?"

झाडं मेली, पण त्यांच्या जागा मेल्या नाहीत. त्या अंगणात आजही बाज टाकायची ती 'पेरूपाशी'. कडबा रचायचा तो 'सीताफळाच्या पलीकडं'. नवा पाहुणा पेरू शोधत राहतो आणि त्याच्या पायाखाली असते नुसती भेगाळलेली जमीन. मुलगा अंकुर नोकरीला नागपूरला. तिथून त्याचा फोन आला, की तोही विचारतो, "बाबा, मोटार लिंबाजवळच ठेवता ना?" अन् मोटार म्हणजे पाण्याची जुनी मोटार, बिघडलेली, आणि लिंबू तर त्याच्या शाळेच्या दिवसातच गेलेलं.

आशाबाई पातूरच्या. पातूर म्हणजे अकोल्याच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत, गोड पाण्याचा मुलूख. लग्न होऊन आल्या, पहिल्याच दिवशी विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं आणि तसंच खाली सोडलं. तेव्हापासून नवऱ्यावर त्यांचा एक राग आहे, आणि तो त्यांनी जपून ठेवला आहे, रोज थोडा वापरता यावा म्हणून. "आमच्या पातूरले दगड पेरला तरी त्याले पालवी फुटते," असं म्हणून त्या नत्थुजींच्या काड्यांकडं बघायच्या. नत्थुजी म्हणायचे, "मंग लगनात दोन दगड आनायचे व्हते." आणि दोघं आपापल्या कामाला लागायची.

अशा अंगणात एके वर्षी एक झाड आपलं आपण उगवलं.

कोणी लावलं नव्हतं. अंगणाच्या टोकाला, जिथं वावर सुरू होतं तिथं, बांधाच्या कडेनं दोन पानं वर आली. नत्थुजींना रोप ओळखता येत नाही असं कधी झालं नव्हतं. दोन पानांवरून ते भेंडी आणि अंबाडी वेगळी सांगत. हे मात्र ओळखीचं नव्हतं. जाडसर पानं, समोरासमोर जोडीनं आलेली, बोटानं दाबली तर आत ओल असावी अशी भरलेली. निंदताना त्यांचा विळा त्याच्यापर्यंत गेला आणि तसाच माघारी आला. म्हणाले, पाहू. उन्हाळ्यात जळालं तर जळालं.

ते जळालं नाही. वैशाखात, कुत्री घराच्या सावलीतून हलत नाहीत अशा दिवसात, हे झाड हिरवंगार उभं. नत्थुजींनी भीत भीत त्याला विहिरीचं खारं पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पानांच्या कडा बघितल्या. एकही जळाली नव्हती. त्यांनी पुन्हा पाणी घातलं. झाड वाढलं. पुढच्या वर्षी कमरेपर्यंत आलं, त्याच्या पुढच्या वर्षी छातीपर्यंत. फांद्या खाली झुकून जमिनीला टेकू पाहू लागल्या. रोज पहाटे नत्थुजी चहाची कपबशी घेऊन त्याच्यापाशी जाऊन उभे राहत. साऱ्या जन्माची हिरवळ त्यांना आता, साठी ओलांडल्यावर, एका झाडात मिळाली होती. नाव माहीत नव्हतं, आणि नावावाचून त्यांचं काही अडतही नव्हतं.

अडलं ते बकरीमुळं.

आशाबाईंची बकरी, चंद्री. कपाळावर चंद्रकोरीसारखा पांढरा डाग, म्हणून चंद्री. बचत गटातल्या बायकांनी मिळून बकऱ्या घेतल्या, त्यातली ही आशाबाईंच्या वाट्याची. तिच्या दुधाचा चहा, तिच्या पिल्लांच्या पैशातून आशाबाईंचे डोर्ल्याचे मणी. घरातली एकच गोष्ट अशी होती, जिच्यावर नत्थुजींचं नाव नव्हतं. माघ महिन्यात चंद्री गाभण होती, पोट दोन्ही बाजूंनी उतरलेलं. आशाबाई तिला येता-जाता हात लावायच्या.

त्याच आठवड्यात गावातल्या महादेवरावांचे रोडगे होते. मुलाला नोकरी लागली तर मारुतीला रोडगे करीन, असं ते बोलले होते. पारावर गोवऱ्यांचा आर पेटला, कणकेचे गोळे त्यात खरपूस भाजले गेले, वर तुपाची धार आणि सोबत वांग्याची तिखटजाळ भाजी. सारं गाव पंगतीला. रात्री सगळे ढेकर देत घरी आले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आशाबाईंची किंकाळी ऐकून नत्थुजी वावरातून धावत आले. चंद्रीचं दावं तुटलेलं, डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली, तोंडाला फेस, दात करकरा वाजवत ती उभी. आणि उभी कुठं, तर बरोबर त्या झाडापाशी. खालच्या दोन फांद्या खुडलेल्या. तोंडाच्या कोपऱ्यात एक हिरवं पान, अर्धं आत, अर्धं बाहेर.

गुरांचे डॉक्टर कुंदन मोटारसायकलवर आले. शेजारच्या गावचा पोरगा, शिकून डॉक्टर झालेला, हात हलके. त्यांनी चंद्रीच्या कुशीवर टिचक्या मारून आवाज ऐकला, खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला, इंजेक्शन दिलं, तिला फिरवायला लावलं.

"काय खाल्लं इनं, काकू?"

आशाबाईंनी हात लांब करून झाड दाखवलं. न्यायालयात आरोपी दाखवावा, तसं.

"हे कोनतं झाड हाय?" कुंदननी विचारलं.

नत्थुजींनी खाली पडलेलं एक पान उचलून कुंदनच्या हातात दिलं.

संध्याकाळपर्यंत कूस उतरली, बकरी वाचली, पण चाऱ्याला तोंड लावेना. आशाबाई तिच्याजवळ बसून होत्या. पोटातल्या पिल्लांचं काय झालं असेल, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. अंधार पडायच्या आधी त्या उठल्या, घरातून कुऱ्हाड आणली आणि झाडाला टेकवून ठेवली.

"अवो, इकडे या. हे झाड कोनं लावलं?"

"कोनीच नाई."

"नाव काय याचं?"

"माहीत नाई."

"नाव नाई, गाव नाई, आननाऱ्याचा पत्ता नाई. असा मानूस दारात उभा राह्यला असता तं तुमी घरात घेतला असता काय?"

"चहा तं पाजला असता," नत्थुजी हळूच म्हणाले.

"हासून नका राहू. माही बकरी मरता मरता वाचली. शनिवारच्या बाजारापर्यंत याचं नाव सांगा, अन् हे विखारी नाई हे सांगा. नाई तं कुऱ्हाड तिथंच हाय. तुमी नाई उचलली तं मी उचलतो."

आशाबाई रागावल्या, की पुरुषासारख्या 'उचलतो, मारतो' बोलायच्या, आणि बोललेलं करायच्या. नत्थुजींना ते पक्कं ठाऊक होतं. आणि खरी गोष्ट अशी, की त्यांना आशाबाईंचं चुकलं असंही वाटत नव्हतं. झाड विषारी असेल तर? आपल्या तीन वर्षांच्या लाडानं त्या मुक्या जनावराच्या पोटात विष गेलं असेल तर? ते कुऱ्हाडीकडं पाहायचे, मग झाडाकडं, मग बकरीकडं, आणि त्यांना जेवण गोड लागेना.

सकाळी फांदीचा एक शेंडा घेऊन ते पानठेल्यावर गेले. तिथं महादेवराव बसलेले. महादेवरावांना 'माहीत नाही' हे दोन शब्द एका मागोमाग एक कधीच उच्चारता आले नव्हते. त्यांनी शेंडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, डोळे बारीक केले.

"नत्थूभाऊ," ते कानाशी येऊन म्हणाले, "कोनाले सांगू नको. चंदन हाय हे. समोरासमोर पानं पाहून राह्यला का? लाखाचा माल हाय. तोंड बंद ठेव."

नत्थुजींनी तोंड बंद ठेवलं. महादेवरावांनी नाही ठेवलं. दुपारपर्यंत अर्धं गाव अंगणात येऊन झाडाच्या बुंध्याला नाक लावून गेलं. कोणी नखानं साल खरवडली, कोणी सरकारची परवानगी लागते म्हणालं. आशाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. सगळे गेल्यावर त्यांनी एक पान तोडलं, तळहातावर चुरगळलं आणि नाकाशी नेलं.

"चंदन म्हने! चंदन असं वासते काय? हे तं मोहरीवानी वासते. फोडनीतल्या."

नत्थुजींनीही वास घेतला. खरंच होतं. तीन वर्षं झाडापाशी उभं राहून त्यांनी त्याचं पान कधी चुरगळलं नव्हतं, दुखेल म्हणून.

चंद्रीला तपासायला कुंदन पुन्हा आले, तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला. आता फोटो काढला की फोनच झाडाचं नाव सांगतो, म्हणाले. एका बाजूनं फोटो काढला. फोन म्हणाला, जैतून. जैतून काय असतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या बाजूनं काढला. फोन म्हणाला, मेंदी. तिसऱ्या फोटोत चंद्रीनं मधेच मान घातली, तर फोन बिनचूक म्हणाला, बकरी.

"डाक्टर," आशाबाई म्हणाल्या, "तुमचा फोन महादेवरावाचा मावसभाऊ तं नाई?"

कुंदन खळखळून हसले. हसणं ओसरल्यावर मात्र नत्थुजींना म्हणाले, "काका, जे खरं माहीत नाई ते मी सांगनार नाई. झाड जाननाऱ्या मानसाले दाखवा."

तसं माणूस नत्थुजींना एकच आठवलं. मागच्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका कॉलेजातली पोरं गावात शिबिराला आली होती, शाळेत राहिली होती. त्यांच्यासोबत आकांक्षा मॅडम होत्या, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या. शोषखड्डे खणून दमलेल्या मॅडमना आशाबाईंनी चंद्रीच्या दुधाचा चहा पाजला होता. त्या चहाच्या ओळखीवर नत्थुजी शुक्रवारी सकाळच्या एसटीत बसले. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी. शेजारची बाई दोनदा बघून म्हणाली, "बाबाजी, लेकरू झोपलं काय?" नत्थुजींनी फडकं थोडं उघडून दाखवलं. ती म्हणाली, "बाप्पा!" आणि खिडकीकडं सरकली.

रस्ताभर त्यांच्या मनात एकच घोळत होतं. नाव कळलं आणि ते वाईट निघालं तर? मग घरी जाऊन कुऱ्हाड आपल्यालाच उचलावी लागेल. आशाच्या हातानं ते होऊ द्यायचं नाही. आपण पाणी घातलं, आपणच तोडायचं. इतकं ठरवल्यावर त्यांना थोडं शांत वाटलं, आणि थोडं रडूही आलं, पण एसटीत धूळ इतकी होती की ते कोणाला कळलं नसतं.

मॅडम वर्गातून बाहेर येत होत्या. त्यांनी नत्थुजींना लगेच ओळखलं. "काका! बकरी कशी आहे तुमची?"

"तिच्याचसाठी आलो," नत्थुजी म्हणाले आणि पायरीवरच फडकं सोडलं.

मॅडमनी घाईनं नाव सांगितलं नाही. पान उजेडात धरलं, चुरगळलं, हुंगलं, मग त्याचा कोपरा दातांनी तोडून चावला आणि लगेच थुंकला. मग मॅडमनी फांदीला विचारता येत नाहीत असे प्रश्न नत्थुजींना विचारले. पाणी कोणतं घालता? खारं. उन्हाळ्यात पानं गळतात का? नाही. फांद्या सरळ जातात की खाली झुकतात? झुकतात.

"काका, तुमच्याकडं काठेवाडी येतात का, मेंढ्या घेऊन?"

येत होते. पिकं निघाली की काठेवाडी मेंढपाळ मेंढ्या आणि उंट घेऊन गावच्या शिवारात उतरायचे. शेतकरी त्यांना बोलावून आपल्या वावरात मेंढ्या बसवायचे. लेंड्यांचं खत आयतं पडतं. झाड उगवलं त्याच्या आधीच्या हिवाळ्यात नत्थुजींनीही बसवल्या होत्या. त्यांचा तळ बरोबर त्या बांधापाशी होता. उंटावरून उतरलेली बायकापोरं, बाजा, कोंबड्या, सगळं नत्थुजींच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

"मग मला तरी असंच वाटतं," मॅडम म्हणाल्या, "की ते झाड त्यांच्यासोबत आलं असावं. त्यांची पोरं याची वाळवलेली फळं खातात, बिया थुंकतात. मी कच्छात विद्यार्थी घेऊन गेले होते, तिथं खाऱ्या रानात हीच झाडं बघितली. काका, हे पीलू आहे. मिसवाकची दातवणं विकायला असतात बघा, ती याचीच. खारी जमीन याला मानवते."

"अन् विख?"

"विष नाही. तिकडं उंट खातात, बकऱ्या खातात, माणसंही कोवळा पाला खातात."

नत्थुजी तिथंच पायरीवर बसले. पीलू. एवढंसं नाव. ते त्यांनी मनात दोन-चारदा म्हणून पाहिलं, जसं बारशाला आलेली बाई पाळण्यावर वाकून म्हणते.

"पण काका," मॅडम म्हणाल्या, "बकरी फुगली ना? ते कशानं तरी झालंच आहे. डॉक्टरांना म्हणावं, आदल्या दिवशी तिनं काय खाल्लं ते नीट विचारा. नाही तर पुन्हा होईल."

संध्याकाळी नत्थुजी घरी पोचले. आशाबाई चंद्रीपुढं हरभऱ्याचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, टाकत होत्या. नत्थुजींनी सगळं सांगितलं, नाव सांगितलं, उंट सांगितले, दातवण सांगितलं. आयुष्यात एका दमात ते एवढं कधी बोलले नव्हते. आशाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"नाव चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "मंग माही बकरी काहून फुगली?"

नत्थुजींनी कुंदनना फोन लावला आणि कानाला कमी येतं म्हणून स्पीकर सुरू केला. मॅडमचा निरोप सांगितला.

"काकूंले द्या," कुंदन म्हणाले. "काकू, फुगायच्या आदल्या दिवशी चंद्रीले काय काय देल्लं होतं? दाना देल्ला काय? ज्वारी, गहू?"

"नाई बाप्पा. दाना कायले देईन मी गाभन बकरीले?"

"मंग भात? पोळ्या?"

"काईच नाई. पाला देल्ला, कुटार देल्लं." आशाबाई थोड्या थांबल्या. मग अभिमानानं म्हणाल्या, "अन् रात्री रोडगे देल्ले."



"किती देल्ले, काकू?"

"पंगतीत उरले होते, ते पदरात बांधून आनले. पाच-सहा असतीन. तूप लावलेले. वरून गूळ कुस्करला. पोटुशी हाय बिचारी, तिले बी वाटत असन ना गोड खावं. मटामट खाल्ले तिनं!"

"काकू," कुंदनचा आवाज हसू आवरणाऱ्या माणसाचा होता, "गव्हाचे गोळे असे एकदम पोटात गेले, की बकरीच्या पोटात ते आंबतात. गॅस धरते. बकरी मरू बी शकते. तिनं झाडाचा पाला खाल्ला असन तं पोट दुखून राह्यलं म्हनून. तुमी मले त्या दिवशी काहून नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं, काय खाल्लं? तो परसाद होता मारुतीचा. परसाद काय खानं असते काय?"

फोन बंद झाला. चंद्री कुटार चघळत होती.

नत्थुजींच्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. मोठं, खमंग वाक्य. चाळीस वर्षं त्यांनी पातूरच्या दगडांची पालवी ऐकली होती. आज त्यांची पाळी होती, आणि आशाबाईंनाही ते कळत होतं. त्या मान खाली घालून पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या, सोडत होत्या. नत्थुजींनी त्यांच्या बोटांकडं पाहिलं. ते वाक्य त्यांनी गिळलं.

"मले बी तसंच होते," ते म्हणाले, "चार रोडगे खाल्ले, की. पोट रातभर फुगल्यावानी वाटलं त्या दिवशी."

आशाबाईंनी वर पाहिलं. "तुमी नऊ खाल्ले होते. मी मोजून राह्यली होती."

"मंग? मले कोनी सोडा पाजला काय?"

आशाबाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या गालाला तो खड्डा पडला, जो फक्त हसू दाबताना पडतो. त्या उठल्या. झाडापाशी गेल्या. कुऱ्हाड उचलली. त्यांनी ती काखेत मारली आणि लाकडं ठेवायच्या कोपऱ्यात नेऊन टाकली. परत आल्यावर झाडाची खुडलेली फांदी त्यांनी हातात घेतली, तुटल्या जागी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तिनं दोनच फांद्या मोडल्या. येईन पुन्हा."

मग शेंड्याकडचा एक कोवळा डहाळा त्यांनी स्वतः तोडला आणि चंद्रीपुढं धरला. चंद्रीनं हुंगलं. दोघं बघत राहिली. तिनं एक पान घेतलं, चावलं, मग सगळा डहाळाच ओढून घेतला. तो सगळा वेळ आशाबाई तिच्या कुशीवर हात ठेवून बसून होत्या. कूस जशीच्या तशी राहिली. सकाळीही तशीच होती.

होळीच्या आधी चंद्री व्याली. दोन पिल्लं झाली, दोन्ही धडधाकट, एकाच्या कपाळावर आईसारखाच डाग.

झाड आता अंगणातल्या पाहुण्यांचं झालं आहे. मिसवाकचं झाड इथं आहे हे कळल्यावर लोक दातवणाला येतात. आशाबाईंनी त्याचे नियम ठरवले आहेत. सकाळी यायचं. एका माणसाला एकच काडी. कोवळ्या बाजूची तोडायची नाही. तोडायची असेल तर आशाबाई तोडून देणार, इतर कोणी हात लावायचा नाही. नत्थुजींनी एकदा त्यांना न विचारता काडी तोडली, तर त्यांनाही बोलणी बसली.

परवाच महादेवराव आले. हातात पुडकं, चेहऱ्यावर जुनी ओळख असल्याचा भाव.

"वयनी, एक दातवन द्या. मी तं पयल्याच दिवशी ओळखलं होतं, हे दातवनाचं झाड हाय म्हनून."

"व्हय काय? मंग चंदन कोन म्हनत होतं?"

"ते मी लोकांची गंमत केली. पन वयनी, तुमी तं हे तोडाले निंघाल्या होत्या. कुऱ्हाड टेकवून ठेवली होती, साऱ्या गावानं पाह्यली."

"कोन, मी?" आशाबाईंनी काडी तोडता तोडता मागं वळून पाहिलं. "मी काहून तोडीन? मी तं नुसतं नाव इचारलं होतं. घरी कोनी नवीन आलं तं नाव इचारा लागते का नाई? काहो, बराबर हाय ना?"

नत्थुजी पेरूपाशी बाजेवर बसून चहा पीत होते. त्यांनी कपबशी खाली ठेवली, महादेवरावांकडं पाहिलं, आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले,

"बराबर. इनंच वाचवलं ते झाड. मीच तोडत होतो."